वांगं एवढं तेल का पितं?

कढईत चार चमचे तेल तापवावं, वांग्याच्या फोडी टाकाव्यात आणि उलथणं फिरवेपर्यंत कढई कोरडी व्हावी, हे घरोघरी घडतं. फोडी करपतील या धास्तीने आणखी थोडं तेल ओतलं जातं. तेही दिसेनासं होतं. मग दहा-बारा मिनिटांनी फोडी मऊ पडल्या की तेच तेल भाजीच्या कडेने सुटू लागतं आणि ताटात वाढेपर्यंत वर तवंग आलेला असतो. बटाटा असं करत नाही, फ्लॉवर करत नाही. मग वांग्यालाच तेवढी तेलाची तहान का?

या प्रश्नाचं उत्तर नीट उमगलं, तर वांगं तब्येतीला चांगलं की वाईट हा घरातला जुना वादही बराचसा मिटतो.

आमच्या लासलगावात भाजीचा विषय निघाला की गाडी कांद्यावरच येते, आणि ते साहजिकच आहे. 1947 पासूनची इथली बाजार समिती, लिलावाच्या रांगेत उभे असलेले ट्रॅक्टर आणि देशभरातल्या कांद्याच्या भावाचं इथून हलणारं सूत्र, हे सगळं गावाच्या अंगवळणी पडलेलं आहे. पण वांग्याचं आणि कांद्याचं नातं आपल्याकडे पंचांगातच बांधलेलं आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ मनसोक्त खायचे आणि एकादशीपासून चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद करायचं. ज्यांचं कुळदैवत खंडोबा आहे ते पुढे मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मगच वांगं खायला सुरुवात करतात. भरीत, बाजरीचा रोडगा आणि कांद्याची हिरवीगार पात असं ते ताट असतं. त्या भरितात वांग्याच्या तेलाच्या कोड्याचं उत्तरही दडलेलं आहे.

गरात भरलेली हवा

एक टपोरं वांगं आणि एक बटाटा पाण्याच्या बादलीत सोडून पाहा. बटाटा तळाशी जातो, वांगं तरंगतं. वांग्याच्या वजनात शंभर ग्रॅमला सुमारे 92 ग्रॅम पाणीच असतं. मग इतकं पाणी पोटात असलेली वस्तू पाण्यावर का तरंगते? कारण तिच्या गरात पेशी-पेशींच्या मध्ये मोकळ्या जागा असतात आणि त्या हवेने भरलेल्या असतात. बटाट्याच्या पेशी एकमेकींना चिकटून दाटीवाटीने बसलेल्या असतात, तर वांग्याच्या सैल आणि ऐसपैस. म्हणून कच्चं वांगं बोटाने दाबलं की थोडं आत जातं आणि पुन्हा वर येतं.

भांडी घासायचा स्पंज डोळ्यांसमोर आणा. कोरडा, फुगलेला स्पंज तेलाच्या वाटीत टेकवला की आतल्या छिद्रांमधून तेल भराभर वर चढतं. तोच स्पंज मुठीत घट्ट दाबून धरला आणि मग तेलात बुडवला, तर तेल शिरायला जागाच उरत नाही. आणि तेल प्यायलेला स्पंज नंतर दाबला, तर तेल बाहेर येतं. कच्च्या वांग्याची फोड हा फुगलेला स्पंज आहे. कढईत ती आधी छिद्राछिद्रांतून तेल ओढते. पुढे उष्णतेने तिच्या पेशींच्या भिंती ढिल्या पडतात, गर खचतो, मोकळ्या जागा मिटतात आणि आत गेलेलं तेल काही प्रमाणात बाहेर फेकलं जातं. कडेने तेल सुटतं ते याच वेळी. पण सगळं तेल परत येत नाही. बरंचसं फोडीतच राहतं आणि आपल्या पोटात जातं.

यावरून वांगं रांधायचा एकच मुख्य नियम निघतो. आधी गर खचवायचा, तेल नंतर घालायचं. आपल्या पारंपरिक पाककृतींमधल्या उत्तम कृती हा नियम पाळतात. बिघडतं ते उतावळेपणाने कच्च्या फोडी थेट तेलात टाकल्या की.

उष्मांकांचा हिशोब

कच्च्या वांग्याच्या शंभर ग्रॅममध्ये जेमतेम 25 उष्मांक असतात. तंतुमय पदार्थ 3 ग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम सुमारे 230 मिलिग्रॅम, प्रथिनं एक ग्रॅम. क जीवनसत्त्व नावापुरतंच. म्हणजे जीवनसत्त्वांसाठी कुणी वांग्याच्या भरवशावर राहू नये. त्याची खरी किंमत आहे ती पोट भरूनही उष्मांक कमी देण्यात.

पाव किलो वांगी म्हणजे साठ-पासष्ट उष्मांक. त्यांत चार मोठे चमचे तेल जिरलं, तर प्रत्येक चमच्याचे सुमारे 120 याप्रमाणे 480 उष्मांक वाढले. भाजी वांग्याची म्हणायची, पण तिच्यातली जवळजवळ नऊ दशांश ऊर्जा तेलाची. मधुमेह किंवा वाढलेलं वजन असलेल्या माणसाला डॉक्टर 'वांगं खा' म्हणतात आणि शेजारी 'वांगं जड असतं' म्हणतात, तेव्हा दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. एक कच्च्या वांग्याविषयी बोलत असतो, दुसरा कढईतल्या.

भरीत: गर खचवण्याची सर्वांत जुनी रीत

लासलगावहून रेल्वेने पूर्वेकडे निघालं की मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा करत गाडी जळगावात पोचते. तिकडचं भरीत अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं आसोदा ही गावं भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेली. हिरवट-पांढरं, मोठं, मांसल आणि बिया कमी असलेलं हे वांगं. 'जळगाव भरीत वांगी' या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. शेतात कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करून त्यावर ती अख्खी भाजतात, सोलतात आणि लाकडी मुसळीने ठेचतात. मग लसूण, हिरव्या मिरच्या, भाजलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर घालून कळण्याच्या पुरीबरोबर किंवा भाकरीबरोबर खातात.

भाजताना आत काय घडतं ते बघण्यासारखं आहे. अख्ख्या वांग्याची साल हे झाकणच असतं. बाहेर जाळ आणि आत स्वतःचंच पाणी. साधारण 60-70 अंशांना पेशींचे पडदे फुटू लागतात आणि त्यांच्यातलं पाणी मोकळं होतं. पुढे त्याची वाफ होऊन गर आतल्या आत शिजतो. पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, हवा निघून जाते आणि फुगलेलं वांगं हळूहळू सुरकुतून चपटं होतं. तेलाचा एक थेंबही न लागता गर पुरता खचलेला असतो. आता त्यात फोडणी घातली तरी ती गरावर पसरते, छिद्रांत गडप होत नाही. एक चमचा फोडणी चार माणसांच्या भरिताला पुरते.

भाजण्याआधी वांग्याला सुरीच्या टोकाने तीन-चार जागी टोचून घ्यावं, नाहीतर कोंडलेल्या वाफेने ते फुटतं. त्याच भोकांत लसणाच्या पाकळ्या खोचल्या तर त्या वाफेवर आतच शिजतात आणि त्यांचा उग्रपणा जातो. भाजून झालं की लगेच सोलायला घेऊ नये. भांड्यात घालून दहा मिनिटं झाकून ठेवावं. कोंडलेल्या वाफेने साल सुटते आणि मध्ये राहिलेला कच्चा भागही मऊ होतो.

कोळपलेली साल मात्र निगुतीने काढून टाकावी. भाज्या काय नि मांस काय, जळून कोळसा झालेल्या भागात आणि त्याच्या धुरात शरीराला घातक अशी काही संयुगं तयार होतात. भरिताला जो खमंग वास हवा असतो तो गरात आधीच मुरलेला असतो. त्यासाठी काळे कपटे पोटात घालण्याची गरज नाही. सोललेला गर नळाखाली धुवायचा मोहही टाळावा. हात ओला करून कपटे टिपून घेतले की झालं.

खानदेशी भरितावर सणासुदीला तेलाचा तवंग असतो आणि त्याची चव मी नाकारणार नाही. पण रोजच्या जेवणात कच्च्या भरिताला तोड नाही. भाजलेला गर, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, मीठ, घट्ट दही आणि वरून अर्धा चमचा कच्चं तेल. लासलगावात कांदा तर हाताशीच असतो. वांग्यात प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल, ती उणीव इथे दही भरून काढतं.

भरली वांगी, काप आणि डाळ-वांगं

भरल्या वांग्यांचा मसाला शेंगदाणे, तीळ आणि खोबऱ्याचा. शेंगदाण्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, तीळही तसाच. म्हणजे मसाल्यातच भरपूर तेल आहे आणि वरून आणखी पळीभर ओतण्याचं काही कारण नाही. फोडणीपुरत्या तेलात मसाला भरलेली वांगी ठेवावीत, अर्धी वाटी पाणी शिंपडावं आणि खोलगट ताटली झाकून तिच्यात पाणी घालावं.

ताटलीतल्या या पाण्याचं काम फार मोलाचं आहे. त्याने झाकण तुलनेने गार राहतं. भाजीतून उठलेली वाफ गार झाकणाला टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि थेंबाथेंबाने खाली पडतं. वांगी स्वतःच्याच वाफेवर शिजतात, करपत नाहीत, म्हणून 'तेल कमी पडलं' असं वाटत नाही. गर खचत असताना मसाल्यातलं तेल सुटून त्यात मुरतं. भरल्या वांग्यांवर जो तवंग दिसतो तो अशा वेळी बहुतांशी दाण्या-तिळाचा असतो.

कापांचं प्रकरण थोडं अवघड, कारण तिथे कच्ची चकती थेट तव्यावर येते. उपाय मिठाचा. चकत्यांना मीठ चोळून वीस-पंचवीस मिनिटं चाळणीत ठेवल्या की मीठ पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं. चकत्यांवर घामासारखे तपकिरी थेंब जमतात, चकत्या लवचीक होतात. मग त्या दोन्ही तळव्यांमध्ये हलके दाबून फडक्याने टिपायच्या. उष्णतेने जे व्हायचं ते इथे मिठाने केलं, गर खचला. मात्र मग रव्यात किंवा तांदळाच्या पिठात वेगळं मीठ घालू नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सुचवते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांच्यासाठी मिठाऐवजी चकत्या चार-पाच मिनिटं वाफवून घेणं बरं.

तवा चांगला तापू द्यावा. गरम तेलात फोड पडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ बाहेर झेपावते आणि तेलाला आत येऊ देत नाही. 'चर्र' आवाज येतो तो या वाफेचाच. तेल कोमट असेल तर वाफ जोर धरत नाही आणि तेल निवांत आत शिरतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तळलेला पदार्थ तेलातून बाहेर काढल्यावर गार होत असतानाही बरंच तेल आत ओढतो, कारण आतल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची जागा पृष्ठभागावरचं तेल घेतं. म्हणून काप काढल्या-काढल्याच कागदावर टिपावेत. ताटात एकावर एक रचून गार झाल्यावर टिपण्याने फारसं काही साधत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत शहाणा पदार्थ वाटतो तो डाळ-वांगं. तुरीच्या डाळीत वांग्याच्या फोडी पाण्यावर शिजतात, तेल फक्त वरच्या फोडणीचं, आणि फोडींमधून पाण्यात उतरलेलं पोटॅशियम आमटीतच राहतं. डाळीची प्रथिनं, वांग्याचा तंतू, सोबत बाजरीची भाकरी. लग्नाकार्यात याला मान नाही, पण रोजच्या ताटात असायला हवा.

चौकट: वांगं घेताना आणि ठेवताना

• साल तुकतुकीत, ताणलेली हवी. निस्तेज, पिवळट साल म्हणजे वांगं जून झालं आणि आत बिया भरल्या.
• सारख्या आकाराच्या दोन वांग्यांतलं हलकं निवडावं. बिया भरलेलं वांगं हाताला जड लागतं.
• देठ हिरवा आणि ताजा हवा. सालीवर बारीक भोक दिसलं तर आतून अळी बाहेर पडून गेलेली असते.
• देठाच्या टोपीखाली बोट फिरवून वाहत्या पाण्यात धुवावं.
• उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने टिकतो. त्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावात 2002 मध्ये 'कृषक' हे विकिरण केंद्रही उभारलं. वांग्याला असा कुठलाच आधार नाही. साल पातळ आणि गर पाणीदार असल्याने ते तीन-चार दिवसांत सुकतं.
• फ्रिजच्या थंडाव्यातही त्याचं भलं होत नाही. 10 अंशांखाली फार वेळ राहिलं की सालीला खड्डे पडतात, बिया आणि गर तपकिरी होतो. दोन दिवसांपुरतं आणावं, फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावं.

काळं पडणं आणि जांभळी साल

चिरलेलं वांगं पाच मिनिटांत काळवंडतं आणि पुष्कळांना ते बिघडल्यासारखं वाटतं. ते बिघडलेलं नसतं. वांग्याच्या गरात क्लोरोजेनिक आम्ल नावाचं एक संयुग भरपूर असतं, तेच जे कॉफीच्या बियांमध्येही आढळतं. चिरताना पेशी फुटतात, या आम्लाची गाठ गरातल्याच एका विकराशी आणि हवेतल्या प्राणवायूशी पडते आणि तपकिरी रंग तयार होतो. विकर म्हणजे शरीरातली किंवा वनस्पतीतली रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारं प्रथिन. लोखंडी विळीवर चिरलं तर रंग आणखी गडद होतो, कारण लोहाशीही या आम्लाचं लगेच जमतं. फोडी मिठाच्या पाण्यात टाकल्या की हवेशी संपर्क तुटतो. पाण्यात चिंचेचा कोळ किंवा लिंबू घातलं तर विकराचं कामच मंदावतं.

हे आम्ल आणि त्याची भावंडं शरीरातल्या पेशींना ऑक्सिडीकरणाच्या झिजेपासून वाचवणाऱ्या पदार्थांमध्ये मोडतात. वांगं शिजवल्याने ते नष्ट होतं असा समज आहे, पण शिजलेल्या वांग्यातून ते उलट सहज मोकळं होतं, कारण भिंती फुटलेल्या असतात. भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून दिलं, तर मात्र तोटा होतो.

लोहाशी जमण्याच्या याच स्वभावामुळे अशी संयुगं जेवणातल्या लोहाचं शोषण थोडं अडवतात. पंडुरोग, म्हणजे रक्तातली लाली कमी असणं, आपल्याकडे बायका-मुलांमध्ये फार आहे. त्यांच्या भाजीवर लिंबाची फोड पिळावी. क जीवनसत्त्व ही अडवणूक बऱ्याच अंशी सोडवतं.

जांभळ्या सालीचा रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा. त्यांतलं नासुनिन हे जपानी शास्त्रज्ञांनी वांग्याच्या सालीतून वेगळं काढलं. प्रयोगशाळेत ते पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचं रक्षण करताना आढळलं आहे. म्हणून भाजी, काप किंवा भरली वांगी करताना साल काढू नये. मग जळगावचं हिरवट वांगं गुणांनी कमी का? तसं नाही. त्याच्या सालीत जांभळं रंगद्रव्य नसलं तरी क्लोरोजेनिक आम्ल गरात असतं, आणि भरितासाठी साल तशीही काढूनच टाकायची असते.

वांग्याचं पाणी पिऊन कोलेस्टेरॉल उतरतं का?

मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत वांग्याचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी प्यायचा सल्ला वरचेवर येतो. ब्राझीलमध्ये हा उपाय विसाव्या शतकाच्या अखेरीस इतका पसरला होता की तिथल्या संशोधकांनी तो तपासायला घेतला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या 38 जणांवरचा एक अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. वांग्याच्या काढ्याने फरक पडला तो माफक आणि तात्पुरता. त्याच्या जोरावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करणं धोक्याचं आहे, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. अशी गोळी सोडून पाणी पिणारे लोक आपल्या आसपास आहेत.

मधुमेहाचंही तसंच. वांग्याच्या अर्काने पिष्टमय पदार्थ पचवणारं एक विकर काचेच्या नळीत मंदावतं, हे दिसलेलं आहे. माणसाच्या पोटात भाजीभर वांग्याने तेवढाच परिणाम होतो असं त्यावरून ठरत नाही. तरीही मधुमेही माणसाच्या ताटात वांगं असावं, आणि त्याचं कारण याहून साधं आहे. पाणी आणि तंतू भरपूर असलेली भाजी ताटाचा मोठा भाग व्यापते, पोट लवकर भरतं, भात आणि पोळी आपोआप कमी लागते आणि तंतूमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते.

अळीचं दुखणं

वांग्याला सर्वांत जास्त छळते ती शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. पतंग पानांवर अंडी घालतो, अळी कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते आणि आतून खात राहते. एकदा ती आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ती शिरण्याआधी गाठायच्या धडपडीत शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. पावसाळ्यातल्या दमट उबेत ती फोफावते, थंडीत तिचा जोर ओसरतो. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्यांच्या पदरात हंगामाचा हा फायदा आपोआप पडतो.

या अळीवर उपाय म्हणून जालन्याच्या महिको कंपनीने जनुकीय बदल केलेलं बीटी वांगं तयार केलं. ऑक्टोबर 2009 मध्ये त्याला केंद्रीय समितीची मान्यता मिळाली. देशभर जनसुनावण्या झाल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशने 2013 मध्ये ते स्वीकारलं. आपल्याकडचा शेतकरी आजही फवारणी, कामगंध सापळे आणि कोमेजलेले शेंडे खुडून नष्ट करणं यांवरच अवलंबून आहे.

खाणाऱ्याच्या हातात उरतं ते नीट धुणं. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुतलं की सालीवरचा बराच अंश जातो, नुसतं भिजवून ठेवण्यापेक्षा चोळणं महत्त्वाचं. फवारणी आणि तोडणी यांत ठरलेल्या दिवसांचं अंतर पाळणारा ओळखीचा शेतकरी भेटला, तर दोन रुपये जास्त देऊन त्याच्याकडूनच वांगी घ्यावीत असं मी म्हणेन.

कोणी जपून खावं

वांगं खाल्ल्यावर काहींच्या ओठांना, जिभेला खाज सुटते. म्हैसूरमध्ये 741 जणांची पाहणी झाली होती, ती 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे 9 टक्के लोकांनी वांग्याने काही ना काही त्रास होतो असं सांगितलं. तपासण्या केल्यावर खरी अ‍ॅलर्जी निघाली ती एका टक्क्याहून कमी जणांना. बाकीच्यांची खाज वांग्यातल्या इतर घटकांमुळे होते आणि पूर्ण शिजलेल्या, कोवळ्या वांग्याने ती पुष्कळदा होत नाही. पण ओठ सुजले, श्वास अडखळला तर पुन्हा चाखून पाहायचं धाडस करू नये.

मूतखड्याच्या भीतीने वांगं सोडणारे खूप. बिया मूत्रपिंडात जाऊन खडा होतो ही समजूत निराधार आहे. बिया आतड्यातून जातात, मूत्रपिंडापर्यंत पोचायला त्यांना वाटच नाही. बहुतेक खडे कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांचे असतात. वांग्यात ऑक्झलेट असतं खरं, पण पालकाच्या तुलनेत फारच कमी. ज्यांना वारंवार खडे होतात त्यांनी पाणी भरपूर प्यावं, मीठ कमी करावं आणि वांग्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. डायलिसिसवर असलेल्यांना पोटॅशियमची मर्यादा असते. त्यांच्यासाठी फोडी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देणं योग्य, म्हणजे वर इतरांसाठी जे टाळायला सांगितलं ते त्यांनी करायचं.

राहता राहिला वातूळपणाचा ठपका. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांचा 'भावप्रकाश' हा ग्रंथ उघडला तर तिथे वांग्याला वात कमी करणारं आणि भूक वाढवणारं म्हटलेलं आढळतं. फरक केला आहे तो वयाचा. कोवळं वांगं कफ-पित्त शमवतं, जून वांगं पित्त वाढवतं. बटाटा, टोमॅटो, मिरची यांच्याच कुळातल्या या झाडाच्या फळांत थोडी कडवट अल्कलॉइड द्रव्यं असतात. नेहमीच्या खाण्यातलं त्यांचं प्रमाण अपायकारक नसतं. जून वांग्यात बियांबरोबर कडवटपणाही वाढलेला जिभेला कळतो. पोट फुगतं ते बऱ्याचदा तळलेल्या फोडींच्या तेलाने, किंवा तंतूची सवय नसताना एकदम खूप खाल्ल्याने. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी वाटीभर डाळ-वांग्यापासून सुरुवात करावी, फोडणीत हिंग घालावा. भाजलेलं वांगं बियाळ निघालंच, तर गर चाळणीवर ठेवून पळीने दाबावा. बिया वर राहतात आणि खाली मऊ गर पडतो, त्याचं दह्यातलं भरीत उत्तम होतं.